फडात आलेले यंत्र : एका अभ्यासाची प्रस्तावना

तंत्रज्ञान बदलले की कामगाराच्या आयुष्याची वाट कशी वळते, या विषयाची चर्चा आपल्याकडे संगणक, बँका आणि गिरण्यांभोवतीच फिरत राहिली. नव्या अभ्यासकांचे स्वागत मी उसाच्या फडात करीन. अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरेच्या कालव्यांवर पोसलेला ऊस आणि लोणीला 1950 साली सुरू झालेला, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराचा सहकारी साखर कारखाना. त्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास तोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात. आता फडात हार्वेस्टर, म्हणजे ऊस तोडणारे यंत्र, उतरला आहे.

किती मजुरांचे काम गेले, हा प्रश्न थोडा मागे ठेवून आधी कोणाचे गेले ते पाहावे. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती बहुधा नवरा-बायकोच्या जोडीला. हिशेबात ही जोडी म्हणजे एक कोयता. यंत्राला चालक लागतो, मदतनीस लागतो, आणि त्या जागा पुरुषांकडेच जातात. मोळ्या बांधणाऱ्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेणाऱ्या बाईचे काय? वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून हाती येणारे चार पैसेही जातात, कारण यंत्र वाढ्यांचे तुकडे करून फडातच टाकते. उचलीवर घरातले लग्न, दवाखाना निभायचा. तीच उचल जोडीला मुकादमाशी वर्षानुवर्षे बांधूनही ठेवायची. ती थांबली तर सुटका किती आणि उघड्यावर पडणे किती, याचे उत्तर घरागणिक वेगळे निघेल.

यंत्राला चार-पाच फुटांची सरी आणि मोठे, सपाट रान हवे. मग ओल्या रानातला, तुकड्यातला, आडवा पडलेला ऊस हातांसाठी उरतो. मजुरी टनावर, आणि अशा फडात टन भरायला वेळ जास्त. काम शिल्लक राहूनही कमाई घटते, आणि बेकारीच्या आकड्यांत ते उमटत नाही. माझ्या मते सर्वांत मोलाचे संशोधन इथेच व्हायचे राहिले आहे.

हॅरी ब्रेव्हरमन यांनी 1974 साली कामगाराचे कौशल्य कसे हिरावले जाते ते मांडले, पण अमेरिकेतल्या कारखान्यांवरून आणि कचेऱ्यांवरून. कौशल्य फडातही आहे : कोयत्याचा घाव जमिनीलगत बसला नाही तर साखर बुडख्यात राहते आणि खोडवाही नीट फुटत नाही. या हातोटीचा दाखला कुठलीच संस्था देत नाही.

अभ्यासाला निघाल तर टोळ्या निघण्याआधी गावांत जा. कारखान्याच्या गेटवर भेटतो तो काम मिळालेला मजूर. ज्यांना यंदा उचल मिळाली नाही, ते गावातच असतात.