साक्षर आज्ञावली

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा, वाचकासाठी केलेले त्यांचे विवेचन आणि त्यांपासून मिळणारी फलिते एकाच मजकुरात ठेवण्याची लेखनपद्धती. ‘साक्षर’ हे विशेषण अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड अर्व्हिन कनूथ (१० जानेवारी १९३८– ) यांनी द कॉम्प्यूटर जर्नल या नियतकालिकातील १९८४ च्या निबंधात योजिले. आज्ञावली ही यंत्राला सांगण्यापेक्षा माणसाला समजावून देण्यासाठी लिहावी, हे त्यांचे प्रतिपादन होते.

कनूथ यांच्या ‘वेब’ या व्यवस्थेत लेखक विवेचनाला सोयीच्या क्रमाने मजकूर लिहीत असे. त्यातून ‘टँगल’ (गुंता) ही आज्ञावली यंत्राला हवा तो क्रम लावून पास्कल भाषेतील आज्ञा वेगळ्या काढी, तर ‘वीव्ह’ (विणकाम) छापण्याजोगे विवेचन तयार करी. कनूथ यांनी टेक ही आपली अक्षरजुळणीची प्रणाली अशाच रीतीने नव्याने लिहिली व ती १९८६ मध्ये ग्रंथरूपाने संपूर्ण छापली. त्याच वर्षी डग्लस मॅकिलरॉय यांनी या पद्धतीच्या एका नमुन्याचे परीक्षण केले. विवेचनाची त्यांनी प्रशंसा केली. परंतु तेच काम युनिक्स प्रणालीतील सहा तयार आज्ञा एकापुढे एक जोडून होते, हेही दाखवून दिले. हा आक्षेप मार्मिक होता. व्यावसायिक आज्ञावलीलेखनात ही पद्धती फारशी रुजली नाही.

तिला खरा आश्रय संशोधनक्षेत्रात मिळाला. अहवालातील आकडा एकीकडे व तो काढणारे गणित दुसरीकडे राहिले, की मूळ सामग्री दुरुस्त होऊनही छापील आकडा जुनाच राहतो आणि वाचकाला तो पडताळता येत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील भूभौतिकीविज्ञ जॉन क्लेअरबाउट यांनी १९९० नंतरच्या दशकारंभी या उणिवेकडे लक्ष वेधले. फ्रीड्रिख लाइश यांच्या ‘स्वीव्ह’मुळे (२००२) सांख्यिकीतील ‘आर’ भाषेची गणिते अहवालातच लिहिता येऊ लागली.

ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील ज्योतिर्विद कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये ईमॅक्स या मजकूर-संपादकासाठी ‘ऑर्ग’ ही व्यवस्था रचली. तीत सारणी उभ्या रेघांनी आखलेल्या साध्या अक्षरांत असते आणि तिची सूत्रे तिच्याच खाली एका ओळीत लिहितात. उदा., पहिल्या रकान्यात परिमाण व दुसऱ्यात दर असल्यास तिसऱ्यासाठी दोहोंच्या गुणाकाराचे एकच सूत्र पुरते. व्हिजिकॅल्क (१९७९) व तिच्या वारसदार आज्ञावल्यांत सूत्र चौकटीमागे दडते. येथे ते उघड दिसते. मात्र येथील गणित सामान्यतः आपोआप नवे होत नाही, ते करवून घ्यावे लागते.

एरिक शुल्टे व डॅन डेव्हिसन यांची ‘बेबल’ ही जोड २०१० मध्ये ऑर्गमध्ये समाविष्ट झाली. तीमुळे मजकुरातील आज्ञाखंड जागीच चालविता येतो, फलित त्याखाली उमटते, आणि नाव दिलेली सारणी किंवा एका भाषेतील खंडाचे फलित दुसऱ्या भाषेतील खंडाला पुरविता येते. अर्थात चालणारा मजकूर धोकादायकही ठरू शकतो. परक्याच्या दस्तऐवजातील आज्ञा फाइली पुसूही शकेल. म्हणून खंड चालविण्यापूर्वी वापरणाऱ्याची संमती विचारण्याची योजना आहे. ती बंदही करता येते.

२०१४ मध्ये पुढे आलेल्या ज्युपिटर वह्यांमुळे ही कल्पना अधिक लोकप्रिय झाली. त्यांतील खंड कोणत्याही क्रमाने चालविता येतात. त्यामुळे दिसणारे फलित शेजारच्या आज्ञांचेच आहे, अशी खात्री वही पुन्हा आरंभापासून चालविल्याशिवाय देता येत नाही.