१९३८ चा ठराव : अर्धा मानला, अर्धा पुरला

बाबासाहेब संततिनियमनाचे पुरस्कर्ते होते, हे जयंतीच्या भाषणात आपण ऐकतो. त्यांनी नेमके काय मागितले होते, ते मात्र फार थोड्यांनी वाचलेले असते.

१० नोव्हेंबर १९३८. मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी बाबासाहेबांच्या वतीने ठराव मांडला. मागण्या दोन होत्या. सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा, आणि त्यासाठी पुरेशा सोयी पुरवाव्यात. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मुलाला कोणी तयारच झाला नसता, असा रोखठोक युक्तिवाद त्या भाषणात आहे. ठराव फेटाळला गेला. सरकार काँग्रेसचे होते, हे सांगायला हवे का?

पुढे १९५२ मध्ये सरकारनेच कुटुंबनियोजन हाती घेतले. प्रचार भरपूर झाला, भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण आला. सोयींचे काय? सोय म्हणजे शस्त्रक्रिया, आणि शस्त्रक्रिया म्हणजे टार्गेट. १९७६-७७ मध्ये ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यात बहुसंख्य पुरुष होते. सत्ता गेली, आणि राज्यकर्त्यांनी धडा घेतला तो एवढाच की पुरुषाला हात लावायचा नाही. २०१४ मध्ये बिलासपूरच्या शिबिरांत शस्त्रक्रियेनंतर १३ जणी मेल्या. सगळ्या गरीब घरच्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते : स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. आणि ९.४ टक्के विवाहित स्त्रियांना मूल लांबवायचे किंवा थांबवायचे आहे, पण त्या कोणतेही साधन वापरत नाहीत. यालाच 'अपूर्ण गरज' म्हणतात. याचे खापर अडाणीपणावर फोडणारे तज्ज्ञ खूप आहेत. पण नवरा निरोध वापरत नाही, पहिला मुलगा होईपर्यंत सासू थांबू देत नाही, तांबीने त्रास झाला तर ऐकून घेणारे कोणी नाही, ऊसतोडीला गेलेल्या बाईला सहा महिने आशाताई भेटत नाही. यात अडाणी कोण?

आणखी एक गोष्ट मित्रांनो, हा आकडाही कमीच धरा. दोन मुलांत अंतर हवे होते, पण दुसरा पर्याय कोणी दाखवलाच नाही म्हणून बाविसाव्या वर्षी ऑपरेशन करून बसलेली बाई या ९.४ टक्क्यांत येत नाही. सरकारी हिशेबात तिची गरज 'पूर्ण' झालेली असते.