पतसंस्था, राईस मिलसाठी पोस्टाची फ्रँकिंग मशीन : भाड्याने घ्यायची की नाही?

गोंदिया : आमसभेची नोटीस असो की थकबाकीदाराला वसुलीचं पत्र, सोसायट्या, पतसंस्था आणि राईस मिलच्या कार्यालयांना पोस्टाशिवाय भागत नाही. शेकडो पाकिटांवर तिकिटं चिकटवत बसण्यापेक्षा फ्रँकिंग मशीन बरी, असं अनेकांना वाटतं. पण भाड्याचा करार करण्याआधी खालील गोष्टी समजून घ्याव्या.

मशीन करते काय?
तिकिटाऐवजी पाकिटावर रक्कम, तारीख आणि मशीनचा क्रमांक छापते. आधी पैसे भरून मशीनमध्ये रक्कम टाकून घ्यावी लागते. प्रत्येक छाप्यागणिक ती कमी होते, मोबाईलच्या रिचार्जसारखी. मुद्रांक शुल्काचं फ्रँकिंग वेगळं. पोस्टाची मशीन करारनाम्याच्या कागदावर चालत नाही.

परवाना लागतोच
मशीन कंपनीची असली तरी वापरायला डाक विभागाचा परवाना हवा. छापलेली पाकिटं परवान्यात नेमलेल्या पोस्टातच, छाप्यावरच्या तारखेलाच द्यावी लागतात. गावातल्या लाल डब्यात टाकून जमत नाही. म्हणून देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या कार्यालयाने रोज पोस्टात कोण जाणार, हे आधी ठरवावं.

हिशेब असा करा
20 ग्रॅमपर्यंतच्या साध्या पाकिटाला 5 रुपये लागतात. 1000 सभासदांच्या नोटिशीला 5000 रुपये. मशीन घेतली तरी टपालाचा खर्च लागणारच, भाडं, शाई आणि दुरुस्ती वरून. वर्षातून एकदा आमसभेपुरती टपाल असेल तर मशीन परवडत नाही. रोज पाकिटांचे गठ्ठे जात असतील तरच विचार करावा.

करारात काय पाहावं?
- भाडं महिन्याचं की वर्षाचं, जीएसटी धरून की वेगळा
- कराराची मुदत किती, मधात सोडल्यास दंड किती
- शाईचं कार्ट्रिज कोणाच्या खर्चाने
- बिघाड झाल्यास मिस्त्री नागपूरहून किती दिवसांत येणार
- रिचार्जला इंटरनेट लागते का
- पोस्टाचे दर बदलल्यास मशीनमधले दर कोण बदलून देणार
- मशीन परत करताना उरलेली रक्कम कशी मिळणार

हे सगळं लेखी घ्यावं. तोंडी बोलणं पुढे कामी येत नाही.

छापा म्हणजे पोचपावती नाही
इथेच कार्यालयं फसतात. फ्रँकिंगचा छापा पैसे भरल्याचा पुरावा आहे, नोटीस मिळाल्याचा नाही. वसुलीच्या प्रकरणात कर्जदार ‘मला नोटीसच मिळाली नाही’ म्हणाला, तर साध्या टपालाने काही सिद्ध होत नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट ही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. 1 ऑक्टोबर 2025 च्या दरानुसार स्थानिक हद्दीबाहेर 50 ग्रॅमपर्यंत 47 रुपये, आणि पत्र त्याच व्यक्तीच्या हाती पडावं म्हणून नोंदणीचे 5 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून एका नोटिशीला 61 रुपये 36 पैसे होतात. पावती फाईलला लावून ठेवावी.

दुसरा मार्ग
डाक विभागाची बिझनेस पोस्ट सेवा आहे. त्यात पाकिटात कागद भरणं, पत्ते लावणं, फ्रँकिंग ही कामं पोस्टच करून देते. स्पीड पोस्ट जास्त असल्यास करार करून महिन्याचं बिल एकदाच भरता येते. आमसभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून चौकशी ऑगस्ट लागण्याआधीच करावी. उशिरा गेलेल्या नोटिशीचा वाद सभासद आणि संस्था दोघांनाही महागात पडतो.