काच, चुना आणि न्हाणीघर

दिवाळीच्या साफसफाईत एके काळी पितळी भांडी आणि कंदिलाची काच या दोघांचा मान मोठा असे. हल्ली त्यांच्या पंगतीला एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. तो म्हणजे न्हाणीघरातले काचेचे दार. आमच्या कोरपना तालुक्यातल्या नव्या घरांतून ते दिसू लागले आहे, आणि चार दिवसांतच त्यावर ताकाचा हात फिरवल्यासारखा पांढुरका थर चढतो. घरधनीण घासून घासून थकते, वर 'नीट घासत नाहीस' असा शेराही तिलाच मिळतो! मी पडलो मॅट्रिक शिकलेला शाळामास्तर. तरी तिच्या बाजूने इतिहासाची साक्ष काढावी म्हणतो.

आमची भूमी चुनखडीची. याच दगडाच्या आधारावर १९८० नंतरच्या दशकात गडचांदूर आणि आवारपूर येथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना हाच दगड किंचित विरघळवून सोबत घेते. असे जड पाणी काचेवर वाळले की पाणी उडून जाते आणि दगड मागे राहतो. त्यात साबणही जड पाण्याशी फेस धरण्याऐवजी चिकट साका धरतो. म्हणजे गृहिणी घासते तो मळ नसून आपल्याच शिवारातला खडक असतो.

आता गंमत पाहा. वाळू आणि सोडा एवढ्यांचीच काच केली, तर ती पाण्यात विरघळते. तिला टिकाऊपणा येतो तो भट्टीत घातलेल्या चुन्यामुळे. पाण्यापासून काचेला वाचवणारा चुना, आणि पाण्यातून येऊन तिला डागाळणाराही चुनाच!

ही काच आपल्याकडे सुखासुखी आलेली नाही. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी धंद्यांसाठी माणशी एक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला; लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले. त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. परदेशी जाऊन ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे मुलांना काच करायला शिकवू लागले. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कारखाना काढला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. त्याची काच रोज तिन्हीसांजेआधी चुलीतल्या चाळलेल्या राखेने पुसायची, हा घरातल्या मुलांचा नेम असे.

तोच नेम आज न्हाणीघरात उपयोगी पडत नाही. काजळी राखेने निघते, कारण ती काचेवर नुसती बसलेली असते. चुन्याचा थर काचेला घट्ट धरून असतो. म्हणून कोणी वाळू किंवा तारेची घासणी घेते. पण वाळू काचेहून कठीण, म्हणून डागाबरोबर काचही ओरखडते, आणि ओरखड्यांत पुढचा थर अधिकच घट्ट बसतो.

चुन्याचा वैरी आंबटपणा. चिंचेने तांब्याचे भांडे उजळणाऱ्या आपल्या आज्यांना आंबटाचे बळ ठाऊक होतेच. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस निम्म्या पाण्यात मिसळून फडक्याने काचेवर लावावा, दहा-पंधरा मिनिटे ओला राहू द्यावा, मग मऊ फडक्याने पुसून स्वच्छ पाण्याने धुवावे. थर जुना असेल तर हेच दोन-तीनदा करावे. तो आंबट ओघळ शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरावर मात्र जाऊ देऊ नये. तेही चुन्याचेच दगड! आणि ब्लीचिंग पावडरीशी हे मिश्रण चुकूनही मिसळू नये. विषारी वायू निघतो.

अबर्डीनचे रसायनाचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ साली जड पाण्यात चुन्याची निवळी घालून त्यातला चुना खाली बसवण्याची युक्ती काढली. काट्याने काटा काढावा तशी! गावच्या पाण्यासाठी ती ठीक. घरी त्याहून सोपा उपाय आहे. आंघोळ झाली की रबरी पट्टीचा वायपर दारावरून वरून खाली फिरवावा. पाणीच उरले नाही, तर दगड कशाचा उरणार? या कामाला मिनिटभर पुरते, आणि जो शेवटी आंघोळ करील त्याने ते करावे. बहुतेक घरांत तो मान यजमानांना देता येईल.