गवताच्या गंजीवरून पंतप्रधानपदाकडे : ‘फार्मर बिल’ मॅसी

१८९४. न्यूझीलंडमधील ऑकलंडजवळच्या मांगेरे येथे एक शेतकरी गवताची गंजी रचत होता. पोटनिवडणूक लढवण्याचे निमंत्रण देणारी तार त्याला दाताळ्याच्या टोकाला खोचून वर देण्यात आली, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा रचलेली, विल्यम फर्ग्युसन मॅसी यांना ती आयुष्यभर पुरली.

जन्म १८५६ चा, आयर्लंडमधील लिमावाडीचा. चौदाव्या वर्षी ते न्यूझीलंडला आले. संसदेत पोहोचल्यावर १९०३ मध्ये विरोधी पक्षनेते झाले. १९०९ मध्ये त्यांच्या अनुयायांनी ‘रिफॉर्म’ हे नाव धारण केले.

त्यांच्या राजकारणाचा गाभा एकच होता : जमिनीची मालकी. १८९१ पासून सत्तेवर असलेल्या लिबरल पक्षाने सरकारी जमिनी ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या होत्या. एवढ्या मुदतीनंतर आणखी काय हवे, असे शहरी माणसाला वाटेल. पट्टेदाराला मात्र, आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर, सातबाऱ्यावर स्वतःचे नाव हवे होते. जुलै १९१२ मध्ये पंतप्रधान होताच मॅसींनी तो हक्क विकत घेण्याची वाट मोकळी केली. या जमिनींचे मूळ धनी माओरी होते. मालकीच्या या उत्साहात त्यांचा विचार कोणी फारसा केला नाही.

खरी कसोटी १९१३ च्या संपात लागली. वेलिंग्टनच्या गोदी कामगारांनी काम थांबवले आणि निर्यातीचे लोणी व मांस अडकून पडले. सरकारने खेड्यांतून घोडेस्वार शेतकरी बोलावून त्यांना विशेष शिपाई नेमले. राजधानीच्या रस्त्यांवर दगड आणि दंडुके चालले. कामगारांनी त्यांना ‘मॅसीचे कॉसॅक’ म्हटले. संप मोडला, पण शेतकऱ्यांचा नेता म्हणवणाऱ्याने एका कष्टकऱ्याला दुसऱ्यावर घातले, हा आरोप टाळता येत नाही.

महायुद्धात त्यांनी विरोधकांसह संयुक्त सरकार चालवले, १९१६ मध्ये सक्तीची लष्करभरती आणली आणि व्हर्सायच्या तहावर स्वाक्षरी केली. साम्राज्यावर त्यांची निष्ठा अढळ होती. तरीही १९२० च्या त्यांच्या स्थलांतर कायद्याने त्याच साम्राज्याच्या भारतीय प्रजाजनांना दार जवळपास बंद केले. १९२२ मध्ये पुण्याच्या भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री समान हक्कांची मागणी घेऊन न्यूझीलंडला गेले, तेव्हा पंतप्रधान मॅसीच होते.

१० मे १९२५ रोजी, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. पुढे पामर्स्टन नॉर्थच्या कृषी महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले.