मीर सुलतान खान : देशी पटावरून हेस्टिंग्जपर्यंत

ज्यांनी आजोबांपाशी देशी बुद्धिबळ शिकले, त्यांना प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते हे ठाऊक असेल. त्याच रीतीत घडलेले पंजाबचे मीर सुलतान खान १९२९ साली सर उमर हयात खान यांच्या परिवारातून लंडनला गेले व त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यवीर ठरले. १९३२ व १९३३ साली पुन्हा. पुस्तकी प्रारंभ त्यांना जड जात. मोहरी विरळ झाली, की मात्र त्यांची चिकाटी प्रतिस्पर्ध्याला नकोशी होई. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेता कापाब्लांका असाच हळूहळू कोंडीत सापडून ६५ चालींत हरला. मायदेशी १९३५ साली खाडिलकरांशी दहा डाव झाले; आपल्या खाडिलकरांच्या वाट्याला (सांगताना थोडे लागतेच) एक बरोबरी आली. १९६६ साली ते सरगोध्यात निवर्तले. ग्रँडमास्टर किताब आला तो २०२४ साली, तोही मानद.