टायमिंग बेल्ट: सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा

सकाळी ८.३०. कोथरूड, सोसायटीचं पार्किंग. माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, जुनी घेतलेली जर्मन डिझेल गाडी. टायमिंग बेल्ट बदलायची मुदत उलटून गेलेली. वर्कशॉपने सांगितलेल्या आकड्यात बेल्टचे पैसे थोडे, मजुरीच जास्त. दादाचा हात चांगला आहे, स्कूटरचं इंजिन त्याने घरी उतरवून पुन्हा बसवलेलं आहे.

९.४५. या गाडीत इंजिन आडवं, आणि बेल्टच्या वाटेत इंजिनाचं माउंट. ते सोडवायचं तर खालून जॅक आणि लाकडी फळीचा टेकू द्यावा लागतो. दिला.

११.१५. बोल्टच्या डोक्यातली खाच बारा टोकांची. सहा टोकांचा टॉर्क्स बिट तिच्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की कडा खाऊन टाकतो. एक बोल्ट असा गेलाच. नाना पेठेतून योग्य बिट आणेपर्यंत दुपार झाली.

१.३०. घात झाला तो इथे. क्रँक आणि कॅम जागच्या जागी रोखून धरणाऱ्या लॉकिंग पिना मिळाल्या नव्हत्या. दादाने जुन्या बेल्टवर आणि चाकांवर व्हाइटनरच्या खुणा केल्या. पुष्कळ गाड्यांत एवढ्यावर भागतं. या इंजिनात भागत नाही, कारण कॅमचं दातेरी चाक कॅमवर पक्कं नसतं. त्याच्या तीन बोल्टांची भोकं लांबट असतात. ते बोल्ट सैल करून बेल्टला ताण द्यायचा आणि मग आवळायचे, अशी रचना. बोल्ट सैल झाले की चाक एकीकडे आणि कॅम दुसरीकडे सरकू शकतो. चाकावरची खूण जागेवर दिसते, आतला कॅम मात्र हललेला असतो. तो धरून ठेवायलाच पिन असते.

४.१०. नवा बेल्ट, नवा टेन्शनर. खुणा तंतोतंत जुळल्या.

५.४०. आभाळ भरून आलं. इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून पाहायचं असतं, कारण क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. दादाने पाना लावला. अर्ध्या फेऱ्यातच जड लागलं. डिझेलचं कॉम्प्रेशन असेल, असं समजून तो थांबला.

६.०५. चावी फिरवली. सेल्फ लागला, कडकड आवाज झाला आणि सगळं बंद. पिस्टन वर आलेला असताना हेडशी जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. कॅम सरकल्याने चुकीच्या वेळी उघडलेले व्हॉल्व्ह तिथे सापडले आणि वाकले. हेड उतरवावं लागलं, खर्च वर्कशॉपच्या आकड्याच्या कितीतरी पुढे गेला.

मला राग आहे तो गाडीसोबतच्या पुस्तिकेचा. तिच्यात टायर कसा बदलायचा ते आहे, पिनेबद्दल अक्षर नाही. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या क्षेत्रांत वाहनंही आहेत. बेल्ट विकणाऱ्याने पिन आणि कामाची कृती सोबत द्यावी, एवढं तरी त्या हक्कात आलं पाहिजे.

तोवर, हे काम घरी करणाऱ्यांना विनंती: पिन हातात नसेल तर बेल्ट सोडवू नका. आणि दोन फेरे पूर्ण केल्याशिवाय चावीला हात लावू नका. पाना अडला तर हलका, सलग दाब देऊन पाहा. कॉम्प्रेशन असेल तर ते हळूहळू सुटतं. पिस्टनला व्हॉल्व्ह टेकला असेल तर पाना तसूभरही हलत नाही. तिथेच थांबा.